मोरीतला वास आणि हळदीचा कागद

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. घरात सफाईची नुसती धामधूम. बाबा माळ्यावर चढलेले, आई डबे घासायला बसलेली आणि मोरी माझ्या नि ताईच्या वाट्याला आलेली. मोरीच्या शहाबादी फरशीवर वर्षभराचं किटण बसलं होतं. आम्ही ब्लीचिंग पावडर भुरभुरली, काथ्यानं घासघास घासलं. डाग आपले जसेच्या तसे! तेवढ्यात कोपऱ्यातली ॲसिडची बाटली ताईला दिसली.

"एकानं जात नाहीत ना? मग दोन्हींनी नक्की जातील!" ताई म्हणाली. हिशेब अगदी सरळ होता. तिनं बाटली ओतली.

आधी फसफस आवाज आला. मग नाकात असा काही झणझणीत वास घुसला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी, घशात आग आणि थांबता थांबेना असा खोकला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारही आम्हीच लावून घेतलेलं! नशीब, आईनं खोकला ऐकला. तिनं दार ढकललं आणि आम्हा दोघांना दंडाला धरून थेट अंगणात आणून उभं केलं. ताईचा खोकला रात्रीपर्यंत चालू होता. डॉक्टरकाकांनी तपासलं, औषध दिलं आणि मग शांतपणे विचारलं, "मोरीत कुठला वायू तयार केलात, ठाऊक आहे का? क्लोरीन!"

हाच तो क्लोरीन, दोस्तांनो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं शत्रूवर सोडलेला. आणि आम्ही तो घरच्या मोरीत, घरच्याच दोन वस्तूंमधून तयार केला होता!

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. सफाईची कुठलीही वस्तू हातात घेतली, की आधी तिला विचारायचं, "बाई गं, तू आहेस कोण? आंबट, की खारी? आणि तुझं कुणाशी पटत नाही?"

आज तुम्हालाही तीच खोड लावायचा विचार आहे. घर साफ करायला लागणाऱ्या बऱ्याच वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आणि वाण्याच्या दुकानात असतात. त्या स्वस्त असतात आणि बहुतेक सौम्यही. पण "नैसर्गिक आहे ना, मग काही होत नाही" असं मात्र समजू नका हं! लिंबूसुद्धा चुकीच्या जागी पडलं की नुकसान करतं. कसं, ते पुढे बघूच.

आधी एक गुप्तहेर तयार करू

शाळेच्या पांढऱ्या शर्टावर कधी वरण सांडलंय? मग ही गंमत तुम्ही पाहिली असणारच. पिवळ्या डागाला साबण लावला, की डाग एकदम लालभडक! आणि आईचा आवाज, "अगोबाई, हे काय केलंस आणखी?"

तुम्ही काहीच केलेलं नसतं. हळदीत कर्क्युमिन नावाचा रंग असतो. आम्लारी, म्हणजे खारी वस्तू भेटली की तो लाल होतो. साबण हा आम्लारीधर्मी. म्हणून डाग लाल झाला. त्याच डागावर लिंबू पिळलंत तर तो पुन्हा पिवळा होईल. (असा पिवळा डाग राहिलाच, तर कपडा धुऊन कडक उन्हात वाळत घाला. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. एक-दोन उन्हांत डाग फिका पडत जातो.)

या हळदीचाच आपण गुप्तहेर करू या. एक चमचा हळद थोड्या पाण्यात कालवा. पांढऱ्या कागदावर किंवा टीपकागदावर ती सारखी फासा, सावलीत वाळवा आणि कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. झाला हळदीचा कागद!

आता वाट्या मांडा. एकीत साबणाचं पाणी, एकीत चुलीची राख कालवलेलं पाणी, एकीत पापडखाराचं, एकीत लिंबाचा रस, एकीत चिंचेचा कोळ, एकीत रिठ्याचं पाणी. प्रत्येकीत एकेक पट्टी बुडवा आणि वहीत लिहून ठेवा.

साबण, राख आणि पापडखार पट्टीला लाल करतील. लिंबू आणि चिंच पिवळीच ठेवतील. आणि रिठा? फेस तर साबणासारखा, पण पट्टी पिवळीच! ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

एवढं एक पाळा. मोरीतलं ॲसिड, ब्लीच किंवा संडास साफ करायचं औषध या परीक्षेला घ्यायचं नाही. त्यांना हात लावायचं काम मोठ्यांचं.

पहिला शिपाई : आंबट

तांब्याचा तांब्या किंवा पितळेची समई काही दिवस तशीच ठेवली, की काळी-तपकिरी पडते. ही धूळ नव्हे. तांब्याची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि कॉपर ऑक्साइडचा थर बसतो. ओल असली की कधी हिरवट पापुद्राही चढतो. साबणानं हा थर हलत नाही, कारण साबणाचं काम तेलकटाशी. इथे हवं आम्ल. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. आम्ल तो थर विरघळवतं आणि खालचा लालबुंद तांब्या हसत वर येतो.

कृती अशी. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. त्यात चमचाभर मीठ घाला. मीठ आम्लाला मदतही करतं आणि त्याच्या खड्यांनी घासायचं कामही होतं. हा कोळ भांड्यावर चोळा, दोन-तीन मिनिटं थांबा, काथ्यानं घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसा. ओलं ठेवलंत तर उद्या पुन्हा डाग! कोकणात आणि गोव्यात हेच काम कोकमाची आंबट सालं करतात. म्हणजे ज्या गावात जे आंबट पिकतं, त्या गावात त्यानं भांडी उजळतात.

एकदा करून बघा. तांब्याच्या अर्ध्याच भागाला कोळ लावा आणि अर्धा तसाच ठेवा. मग पाहुण्यांना दाखवा!

यात एक शहाणपणही दडलेलं आहे. आंबट वस्तू तांब्याचा थर विरघळवते, म्हणजे आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला तर तांबं त्यातही उतरणार! म्हणून तर आजीच्या पातेल्यांना आतून कल्हई असायची. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो निघाला की कल्हईवाल्याला हाक. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा कढी ठेवायची नाही, हे आजी उगाच नाही सांगत.

नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा खर हेसुद्धा आंबटाचंच गिऱ्हाईक. विहिरीच्या आणि बोअरच्या जड पाण्यात क्षार जास्त असतात. ते साचून कॅल्शियम कार्बोनेटचं कवच होतं. रस काढून झालेली लिंबाची फोड नळावर उलटी बसवा, दोऱ्यानं बांधा आणि अर्ध्या तासानं चोळून धुवा. टाकाऊ सालीचंही सोनं!

पण थांबा. जे आम्ल नळावरचं कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं, ते दगडातलंही विरघळवणारच ना? शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर ही तिन्ही भावंडं चुनखडकाच्या घराण्यातली. म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच! कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर लिंबाचा थेंब राहिला, की तिथे निस्तेज पांढुरका डाग पडतो. तो पुसून जात नाही, कारण तो वर पडलेला डाग नव्हेच. दगडच तेवढा खाल्लेला असतो. फुटक्या शहाबादीचा एखादा कपचा मिळाला तर त्यावर लिंबू पिळा आणि कान जवळ नेऊन ऐका. बारीक चुरचुर ऐकू येईल. दगडातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात तो आवाज.

आमच्या मोरीतली फसफसही काही अंशी हीच होती. ॲसिडनं तिथली फरशी अशी खाल्ली, की पुढे कायम ती पायाला खरखरीत लागायची.

दुसरा शिपाई : खारा

गावाकडे चुलीची राख चाळून मोरीपाशी ठेवलेली असते. शहरातल्या मुलांना वाटतं, ही तर घाण, हिनं भांडी स्वच्छ कशी होतात? दोन कारणांनी. एक म्हणजे राखेचे बारीक कण घासतात. आणि दुसरं म्हणजे लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. हळदीचा कागद लाल करतं ते हेच. ओली राख तेलकट कढईला चोळली, की हा खार तेलाशी मिळून थोडासा साबणच तयार करतो! तेलकट गेलं, कढई मोकळी.

पण हात धुवायला राख घ्यावी का? साबण असेल तर नको. माती तर मुळीच नको. तिच्यात जंतूही असू शकतात. साबणाचा कण एका बाजूनं पाण्याला धरतो आणि दुसऱ्या बाजूनं तेलाला. करोना विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं. साबण ते फोडतो. म्हणून तर २०२० साली घरोघरी "वीस सेकंद हात धुवा" चाललं होतं. जुनं ते सगळंच सोनं नसतं, बरं का!

राख वापरताना दोन पथ्यं. ती पूर्ण गार झालेली हवी, आणि राख उकळून आटवलेलं दाट पाणी करायचं नाही. ते कातडीला भाजतं.

खाऱ्या घराण्यातले दोन सोडे मात्र नीट ओळखा. खाण्याचा सोडा सौम्य असतो. फ्रिज आतून पुसायला, चहाचे डाग पडलेल्या कपबशा घासायला तो छान. धुण्याचा सोडा बराच कडक. तो हातांची आग करतो आणि ॲल्युमिनियमची भांडी काळी पाडतो. दोन्ही पांढरे, दोन्ही पुडीत. म्हणून पुडीवर नाव लिहिलेलं हवंच.

खाण्याच्या सोड्याची एक जादू मात्र तुम्हाला दाखवायलाच हवी. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं किंवा ताईचे पैंजण काळे पडलेत? एका खोल ताटलीत ॲल्युमिनियमचा तो चकचकीत कागद अंथरा, डब्यातली पोळी गुंडाळतात तोच. त्यावर चांदी ठेवा, चमचाभर सोडा आणि चमचाभर मीठ टाका आणि आईला सांगून वर कढत पाणी ओतून घ्या. कुजक्या अंड्यासारखा किंचित वास येईल आणि काळेपणा उतरू लागेल. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातलं गंधक ॲल्युमिनियम आपल्याकडे ओढून घेतं आणि चांदी चांदीच्या जागी राहते. पावडरीनं घासलं तर मात्र दरवेळी थोडी चांदीही घासून जाते. मोती आणि खडे बसवलेले दागिने यात घालू नका.

तिसरा शिपाई : फेसाळ

आता आपला रिठा. वाण्याकडे किंवा काष्ठौषधींच्या दुकानात सुकलेले, सुरकुतलेले, तपकिरी रिठे मिळतात. त्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव आहे सॅपिंडस. अर्थ माहीत आहे? "भारतीय साबण"! लॅटिन भाषेतल्या साबण आणि भारत या अर्थाच्या दोन शब्दांची संधी करून हे नाव झालं.

रिठ्याच्या गरात सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो. शिकेकाईतही तोच. साबणासारखाच हासुद्धा एका हातानं पाणी आणि दुसऱ्या हातानं तेल धरतो. पण हळदीच्या कागदाची साक्ष आठवा. रिठा खारा नाही! लोकर आणि रेशीम यांना खारं पाणी सोसत नाही. तलम धागे राठ होतात. म्हणून आजीची पैठणी, काश्मिरी शाल आणि सोन्याचे दागिने धुवायला रिठा. साधा साबण जड पाण्यात फेस न देता चिकट साका करतो. रिठा मात्र जड पाण्यातही फेसाळतो.

कृती : १०-१२ रिठे फोडून आतली काळी बी काढून टाका. सालं अर्धा लीटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मोठ्या माणसाला सांगून मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळून घ्या. गार झालं की कुस्करा आणि फडक्यातून गाळा. हे पाणी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. आंबूस वास आला की टाकून द्या. बादलीभर पाण्याला वाटीभर पुरे. (बिया फेकू नका. त्या गोट्यांसारख्या टणक आणि काळ्याभोर असतात. माळ करा नाहीतर गजगे म्हणून खेळा.)

पण रिठा साधाभोळा समजू नका. डोळ्यांत गेला तर असा चुरचुरतो की विचारू नका! लगेच स्वच्छ पाण्यानं डोळे धुवत राहायचं. आणि दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही चाटच पडाल. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना अपाय करतं. जगात कितीतरी ठिकाणी सॅपोनिन असलेल्या वनस्पती ठेचून पाण्यात टाकून मासे पकडण्याची जुनी रीत आहे. तेव्हा रिठ्याचं पाणी माशांच्या टाकीत, तळ्यात किंवा विहिरीत ओतायचं नाही. झाडावर लागतो म्हणून तो सगळ्यांचाच मित्र, असं नाही.

चौथा शिपाई : शोषणारा

भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग, वहीवर सांडलेलं तूप. इथे पाणी लावून भागत नाही. इथे लागते शोषून घेणारी बारीक माती. मुलतानी माती डागावर जाडसर पसरा, तासभर ठेवा आणि झटका. कागदावर, कापडावर कोरडीच टाकायची. दगडावर पाण्यात कालवून थापायची.

ही काही लहानसहान युक्ती नाही, बरं का! आग्र्याचा ताजमहाल संगमरवराचा. धुरानं आणि धुळीनं तो पिवळट पडत चालला. त्याला आम्ल लावायची सोयच नाही, हे आता तुम्हीच सांगाल. मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं काय केलं? मुलतानी मातीचा लेप! १९९४, २००१, २००८ आणि २०१४ साली ताजच्या भिंतींवर असे लेप दिले गेले. माती वाळताना मळ ओढून घेते. मग शुद्ध पाण्यानं ती धुऊन काढतात. आई आणि मावशी चेहऱ्याला लावतात तेच, फक्त चेहरा जरा मोठा!

बाटलीतला पाचवा : सालींचं पाणी

आता तीन महिने वाट पाहायची तयारी असलेल्यांसाठी. ही कृती थायलंडमधून जगभर पसरली आणि आपल्याकडेही पुष्कळ घरांत होते. माप सोपं आहे : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम संत्र्या-मोसंबी-लिंबाच्या साली आणि एक लीटर पाणी.

दोन लीटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. काचेची नको! गुळावर यीस्ट वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाकण घट्ट राहिलं तर बाटली फुटू शकते. म्हणून पहिला महिनाभर रोज एकदा झाकण उघडून "फुस्स" करायचं, आणि बाटलीत वर मोकळी जागा ठेवायची. बाटलीवर तारीख लिहा. तीन महिन्यांनी गाळा. आंबट वासाचं तपकिरी पाणी मिळेल. एक भाग हे आणि दहा भाग साधं पाणी घेऊन चिनी मातीच्या टाइल्स पुसा, बेसिन घासा.

यात जादूटोणा काही नाही. गुळापासून आधी थोडा अल्कोहोल आणि मग व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल तयार होतं. म्हणजे हाही शेवटी पहिल्याच शिपायाचा भाऊ. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर यांच्यापासून चार हात लांब!

दोघे शूर, पण एकत्र नकोत

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून जोरदार औषध होतं, असं तुम्हाला पुष्कळजण सांगतील. फसफसतं तर झकास! पण हळदीचा कागद काढा. सोड्याच्या पाण्यात तो तांबूस होतो. त्यात व्हिनेगर थोडं थोडं घालत जा. कागद पुन्हा पिवळा! आंबटानं खाऱ्याला आणि खाऱ्यानं आंबटाला संपवलं. मागे उरलं एक साधं क्षाराचं पाणी. दोन पहिलवान एकमेकांशीच कुस्ती खेळून दमले, मळ राहिला बाजूला! बुडबुड्यांनी अडकलेला कचरा जरा हलतो, तेवढंच. वापरायचे तर दोघे एकापाठोपाठ एक वापरा. आणि हे मिश्रण बाटलीत भरून झाकण तर कधीच लावू नका. तीही फुटेल.

ही कुस्ती निदान निरुपद्रवी. आमच्या मोरीतली नव्हती. म्हणून या चार ओळी वहीत नको, मोरीच्या दारावर लिहून लावा :

१. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर यात ॲसिड मिसळायचं नाही. संडास साफ करायच्या बऱ्याच औषधांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. दोन्ही भेटले की क्लोरीन! लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि आपलं सालींचं पाणी हीसुद्धा आम्लंच. तीही ब्लीचजवळ नेऊ नका. अमोनिया असलेलं औषधही ब्लीचला चालत नाही. त्यातूनही विषारी वायू निघतो.

२. कुठलंही औषध थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. धाकटं भावंड "सरबत" म्हणून तोंडाला लावेल. घरी केलेल्या प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारखेची चिठ्ठी हवी.

३. घासताना खिडकी उघडी, दार उघडं.

४. नाकाला झोंबणारा वास आलाच, तर पुसत, धूत बसायचं नाही. आधी बाहेर मोकळ्या हवेत. मग मोठ्यांना हाक. श्वास लागत असेल तर लगेच डॉक्टर, नाहीतर १०८ नंबरची रुग्णवाहिका.

आणखी एक खरं सांगून टाकतो. चिंच, रिठा आणि राख मळ काढतात, पण जंतू मारायची हमी देत नाहीत. घरात जुलाब-उलट्यांचा आजारी असेल, तर संडास आणि फरशीसाठी योग्य ते जंतुनाशक डब्यावर लिहिलेल्या मापानं मोठ्यांनाच वापरू द्या. तिथे "नैसर्गिक"चा हट्ट नको.

मग हा सगळा खटाटोप कशाला?

तुम्ही विचाराल, दुकानात सगळं तयार मिळतं, मग चिंच भिजवा, रिठे फोडा, हे कशाला?

मोरीतून गेलेलं पाणी कुठे जातं, ते कधी पाहिलंय? गटारात, नाल्यात आणि पुष्कळ गावांत न गाळता थेट नदीत, तळ्यात. २०१५ साली बंगळुरूच्या बेळंदूर आणि वर्थूर तलावांवर पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहिले होते. वारा आला की फेसाचे गोळे रस्त्यावर, गाड्यांवर उडत येत. शहराचं सांडपाणी आणि त्यात मिसळलेली धुण्याची पावडर, हे त्याचं मोठं कारण. प्रत्येक घरातून गेलेला फेस मूठभरच होता. घरं मात्र लाखो.

म्हणून हिशेब साधा ठेवा. जिथे लिंबाच्या सालीनं भागतं तिथे सालच वापरायची. जिथे एक चमचा पावडर पुरते तिथे तीन टाकायच्या नाहीत. आणि जिथे जंतुनाशकच हवं, तिथे ते मापात आणि एकटंच वापरायचं.

या दिवाळीच्या सफाईत एक काम तुमच्याकडे मागून घ्या. घासायचं नव्हे, नावं लिहायचं! मोरीतल्या आणि ओट्याखालच्या सगळ्या बाटल्यांची नावं मोठ्यांना विचारून घ्या, चिठ्ठ्या लिहा, चिकटवा. ब्लीच एका फळीवर आणि ॲसिड लांब दुसऱ्या फळीवर, असं मोठ्यांकडूनच ठेवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्या ताईला आता तिची मुलं चिडवतात, की आई मोरी धुताना आधी दार सताड उघडते आणि मग बाटलीवरची अक्षरं मोठ्यानं वाचते. ताई काही बोलत नाही. नुसती हसते आणि पुन्हा एकदा वाचते.